स्थलांतर, मानवी : नागपूर व परिसर

एका ठिकाणचे नेहमीचे वास्तव्य सोडून व्यक्तीने, कुटुंबाने वा जनसमूहाने दुसऱ्या ठिकाणी कायमचे अथवा दीर्घ मुदतीसाठी राहावयास जाणे, यास मानवी स्थलांतर म्हणतात. जन्म, मृत्यू आणि स्थलांतर या तीन घटकांनी कोणत्याही प्रदेशाची लोकसंख्या ठरते. जन्म-मृत्यूंचे प्रमाण सामान्यतः हळूहळू बदलते. परंतु युद्ध, दुष्काळ, लोहमार्ग किंवा कारखाना यांसारख्या एखाद्या घटनेमुळे गावची वस्ती स्थलांतराने अल्पावधीत वाढते वा ओसरते. यात्रा, पर्यटन व दैनंदिन ये-जा यांत वास्तव्य बदलत नसल्याने त्यांची गणना स्थलांतरात होत नाही. अशोक विजयादशमीस नागपूरच्या दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो लोक येतात व परत जातात. ही तात्पुरती हालचाल होय.

नागपूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २४,०५,६६५ होती. अठराव्या शतकाच्या आरंभी येथे काही विखुरलेली खेडी होती. मधल्या तीन शतकांत राजाच्या निमंत्रणावरून आलेले शेतकरी, सैन्यामागून आलेली कुटुंबे, गिरणीत आलेले विणकर, दुष्काळाने हाकललेले भूमिहीन, फाळणीचे निर्वासित, बदली झालेले सरकारी नोकर आणि धरणाखाली गेलेल्या गावांतील प्रकल्पग्रस्त असे स्थलांतराचे बहुतेक सर्व प्रकार या परिसरात घडून आले. त्यामुळे स्थलांतराची कारणे व प्रकार अभ्यासण्यास हे उदाहरण उपयुक्त ठरते. ज्या बदलाने काहींना या शहरात आणले, त्याच बदलाने पुष्कळदा इतरांना उखडून टाकले, हे या इतिहासाचे ठळक वैशिष्ट्य आहे.

संकल्पना व मोजमाप : भारताच्या जनगणनेत १८८१ पासून व्यक्तीचे जन्मस्थळ नोंदविले जाऊ लागले. जन्मस्थळाहून वेगळ्या ठिकाणी गणना झालेली व्यक्ती स्थलांतरित समजण्यात येई. या पद्धतीत मधले टप्पे दिसत नाहीत. तसेच बाळंतपणासाठी माहेरी गेलेल्या स्त्रीचे मूल नंतर स्वगृही आले, तरी ते स्थलांतरित ठरते. म्हणून १९७१ पासून मागील वास्तव्याचे ठिकाण आणि १९८१ पासून स्थलांतराचे कारणही विचारण्यात येऊ लागले. नोकरी, शिक्षण, विवाह, कुटुंबाबरोबर जाणे ही त्यांतील प्रमुख कारणे होत. संख्येच्या दृष्टीने भारतातील सर्वांत मोठे स्थलांतर विवाहानिमित्त होणारे असून ते बहुतांशी स्त्रियांचे आहे. विवाहानंतर शहरात येऊन कामाला लागलेल्या स्त्रीची नोंदही ‘विवाह’ याच कारणाखाली होत असल्याने स्त्रियांच्या आर्थिक स्थलांतराचे प्रमाण आकडेवारीत कमी दिसते. काही महिन्यांसाठी बाहेर पडणारे हंगामी मजूर तर या गणनेतून बव्हंशी निसटतात.

कारणे : स्थलांतराच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया अर्न्स्ट जॉर्ज रेव्हनस्टाइन (१८३४–१९१३) या जर्मन-इंग्रज भूगोलज्ञाने १८८५ व १८८९ मध्ये मांडलेल्या नियमांनी घातला गेला. बहुतेक लोक जवळच्या अंतरावर जातात, मोठ्या शहराकडे टप्प्याटप्प्याने सरकतात, प्रत्येक प्रवाहाबरोबर एक उलटा प्रवाह असतो आणि आर्थिक हेतू सर्वांत प्रबळ असतो, असे त्याने दाखवून दिले. एव्हरेट ली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये या विचाराला व्यापक रूप दिले. मूळ ठिकाणची परिस्थिती, नव्या ठिकाणची परिस्थिती, मधले अडथळे आणि व्यक्तिगत बाबी अशा चार गटांत त्याने कारणांची विभागणी केली. दुष्काळ, भूमिहीनता, कर्ज, जातीय जाच, युद्ध इ. कारणे माणसाला मूळ ठिकाणाहून बाहेर ढकलतात. रोजगार, जमीन, शिक्षण, सुरक्षितता व आप्तांची सोबत ही नव्या ठिकाणाकडे खेचतात. ही दोन्ही प्रकारची कारणे सहसा एकत्रच कार्य करतात.

प्रकार : राजकीय सीमेच्या दृष्टीने अंतर्गत व आंतरराष्ट्रीय, कालावधीच्या दृष्टीने हंगामी, तात्पुरते व कायमचे, दिशेच्या दृष्टीने ग्रामीण-ग्रामीण, ग्रामीण-नागरी, नागरी-नागरी व नागरी-ग्रामीण आणि निर्णयाच्या दृष्टीने ऐच्छिक व सक्तीचे, असे स्थलांतराचे सर्वसाधारण वर्गीकरण करतात. आधी गेलेल्या नातेवाइकांच्या वा गावकऱ्यांच्या आधाराने पुढची माणसे जातात, त्यास साखळी स्थलांतर म्हणतात. भटक्या जमातींचे ठरावीक मार्गांनी होणारे भ्रमण हा याहून निराळा प्रकार होय. बैलांच्या तांड्यांवरून धान्य, मीठ व कापूस वाहणारे बंजारे पूर्वी मध्य भारतातून फिरत. कच्छमधील रबारी मेंढपाळ कळपांसह विदर्भात येतात. वरील प्रकार अभ्यासाच्या सोयीसाठी केलेले असून त्यांच्या सीमा पक्क्या नसतात. हंगामी मजूर पुढे कायमचा शहरवासी होतो. पीक बुडाल्यावर गाव सोडणाऱ्या शेतकऱ्याचा निर्णय ऐच्छिक मानावयाचा की सक्तीचा, हाही प्रश्न उरतो.

गोंड काळातील वसाहत : देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने इ. स. १७०२ च्या सुमारास नाग नदीच्या परिसरातील ‘राजापूर बारसा’ या नावाने ओळखली जाणारी बारा खेडी एकत्र करून नागपूरची स्थापना केली, असे मानतात. औरंगजेबाच्या दरबारी जाऊन त्याने इस्लाम धर्म स्वीकारला होता. उत्तरेकडील संपन्न प्रदेश पाहून आल्यावर त्याने आपल्या डोंगराळ, विरळ वस्तीच्या राज्यात हिंदू व मुसलमान शेतकरी, कारागीर आणि जाणते कारभारी आणून वसविले. राज्यकर्त्याने जमीन व आश्रय देऊन घडवून आणलेले हे नियोजित स्थलांतर होते. त्याचा उत्तराधिकारी चांद सुलतान याने राजधानी देवगडहून नागपूरला हलविली, शहराभोवती तट उभारला व जुम्मा तलाव बांधविला. मैदानातील शेती वाढली, बाजारपेठा वसल्या. त्याच वेळी गोंडांच्या राज्यात नांगरटीची जमीन व व्यापार मुख्यतः नवागतांच्या हाती गेला आणि गोंड प्रजा प्रामुख्याने डोंगराळ व जंगलपट्ट्यात राहिली.

याच सुमारास व त्यानंतर वैनगंगेच्या खोऱ्यातही ग्रामीण वसाहत वाढत होती. पोवार आपले मूळ माळव्यात सांगतात. कोहळी हे तलाव बांधण्याच्या कौशल्याबद्दल प्रसिद्ध आहेत. भंडारा-गोंदिया भागातील भातशेती या समाजांच्या श्रमांवर उभी राहिली. हे ग्रामीण-ग्रामीण स्थलांतराचे नमुनेदार उदाहरण होय.

भोसले काळ : चांद सुलतान १७३९ मध्ये मरण पावल्यावर वारसाहक्काचा तंटा निर्माण झाला. राणीने वऱ्हाडातील मराठा सरदार रघूजी भोसले (मृ. १७५५) याची मदत मागितली. पुढे तिच्या मुलांतही वितुष्ट आल्यावर रघूजीने पुन्हा हस्तक्षेप करून १७४३ च्या सुमारास सत्ता आपल्या हाती घेतली आणि बुरहान शाह यास नामधारी राजा म्हणून वर्षासन देऊन नागपुरातच ठेवले. भोसले घराणे मूळचे सातारा भागातील. त्याच्याबरोबर व मागून देशावरील मराठा सरदार, कुणबी शिलेदार, ब्राह्मण व प्रभू कारभारी, पुरोहित आणि सावकार येथे आले. महाल भागातील वाडे व चिटणवीसपुरा यासारखी वस्तीची नावे त्या काळाची साक्ष देतात. भोसल्यांच्या सत्तेबरोबर ही वसाहत पूर्वेकडेही सरकली. रघूजीचा पुत्र बिंबाजी याने रतनपूर येथून छत्तीसगढचा कारभार पाहिला. रायपूर-बिलासपूर भागातील जुन्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांचे मूळ या काळात सापडते.

सैन्य हे त्या काळी स्थलांतराचे मोठे साधन होते. भोसल्यांच्या पदरी अरब भाडोत्री शिपाई होते. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत इंग्रजांचा जय झाल्यानंतरही अरबांनी काही काळ शहर लढविले आणि डिसेंबरअखेर तह करून ते निघून गेले. मागणी संपताच माघारी जाणाऱ्या कामगारांचेच हे लष्करी रूप म्हणता येईल. इंग्रजांनी १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी कामठी येथे छावणी वसविली. तेथील फौज मद्रास सैन्यातील असल्यामुळे तमिळ व तेलुगू भाषिक शिपाई, कंत्राटदार आणि व्यापारी यांची वस्ती कामठीत झाली.

राजधानी व लोहमार्ग : तिसरा रघूजी १८५३ मध्ये निपुत्रिक मरण पावल्यावर पुढील वर्षी त्याचे राज्य खालसा झाले. दरबारावर अवलंबून असलेले मानकरी, शिलेदार व कारागीर यांची उपजीविका आटली. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर त्याची राजधानी बनले, तेव्हा नव्या प्रशासनास इंग्रजी जाणणारे लिपिक, वकील, शिक्षक व अभियंते हवे होते. ते आरंभी बंगाल, मद्रास व मुंबई इलाख्यांतून आले. नागपूर विद्यापीठाचे (स्थापना १९२३) पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस हे मूळचे बंगालमधील व वकिलीच्या निमित्ताने मध्य प्रांतात आलेले होते. बिकानेरकडील डागा घराण्याची बन्सीलाल अबीरचंद ही पेढी या भागातील सावकारी व व्यापारात अग्रेसर ठरली. शहरातील कस्तुरचंद पार्क हे मैदान याच घराण्यातील सर कस्तुरचंद डागा यांच्या नावाने ओळखले जाते.

मुंबईहून येणारा ग्रेट इंडियन पेनिनशुला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि १८८७ मध्ये बेंगॉल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. लोहमार्गामुळे ली याने सांगितलेला अंतराचा अडथळा कमी झाला. रेल्वेच्या कामावर आंध्र, बंगाल व छत्तीसगढ येथील लोक आले. परंतु त्याच गाडीने बंजाऱ्यांच्या बैलतांड्यांचा धंदा संपविला. पूर्वी बाजारपेठ म्हणून भरभराटलेले कामठी गावही मागे पडले. तेथील छावणी आकसली व व्यापार नागपूरकडे वळला. कामठीची लोकसंख्या १८८१ मध्ये ५०,९८७ होती. ती १९०१ मध्ये ३८,८८८ वर आली. १८७२ मध्ये ८४,४४१ असलेली नागपूरची लोकसंख्या त्याच वर्षी १,२७,७३४ होती. दोन शेजारच्या वस्त्यांमधील हे अंतर केवळ काही किलोमीटरांचे आहे.

विणकर आणि गिरण्या : नागपूर, उमरेड, पवनी इ. ठिकाणे रेशीमकाठी लुगडी, धोतरे व पागोटी यांसाठी प्रसिद्ध होती. बारीक कापड कोष्टी विणत. जाडेभरडे कापड बहुतांशी महार विणत. उत्तर भारतातून आलेले मोमीन विणकर मोमीनपुरा व कामठी येथे स्थायिक झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने स्वस्त विलायती व मुंबईचे कापड आणले आणि कच्चा कापूस बाहेर नेला. याचा पहिला आघात जाड्या कापडावर झाला.

जमशेटजी टाटा (१८३९–१९०४) यांनी कापूस पिकणाऱ्या प्रदेशातच गिरणी काढण्याच्या विचाराने जुम्मा तलावाजवळच्या दलदलीच्या जागेवर एम्प्रेस मिल उभारली. ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. बेझनजी दादाभाई मेहता हे तिचे व्यवस्थापक होते. आरंभी गिरणीस कामगार टिकविणे अवघड गेले. सण, लग्नसराई व शेतीचा हंगाम आला, की माणसे गावी जात आणि पुढची मजुरी गरजेपुरतीच करीत. व्यवस्थापनाने नियमित हजेरीबद्दल बक्षिसे दिली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाची योजना व १८९५ मध्ये अपघात-भरपाईची पद्धत सुरू केली. गाव व गिरणी यांच्यात ये-जा करणाऱ्या हंगामी मजुराला कायमचा नागरी कामगार बनविण्याचा हा प्रयत्न होता. तो हळूहळू यशस्वी झाला. माग बंद पडलेले महार व कोष्टी गिरणीत शिरले. ज्या यंत्राने त्यांचा घरचा धंदा बुडविला, त्याच यंत्रावर त्यांना रोजगार मिळाला. रेव्हनस्टाइनच्या नियमाप्रमाणे त्यांपैकी बहुतेक नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा अशा जवळच्या जिल्ह्यांतून आले.

दलित समाजाच्या दृष्टीने या स्थलांतराला वेगळा अर्थ होता. गावकीची कामे आणि बलुत्याची बांधिलकी सोडून रोख मजुरी मिळविण्याची ती वाट होती. इंदोरा, पाचपावली इ. वस्त्यांत शिक्षणसंस्था, वाचनालये व कामगार संघटना उभ्या राहिल्या. जुलै १९४२ मध्ये नागपुरात भरलेल्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या स्थापनेचा निर्णय झाला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी येथेच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. एका ठिकाणी एकवटलेला, संघटित व शिकू लागलेला कामगारवर्ग या घडामोडींमागे होता.

पुढे गिरणी उद्योगास उतरती कळा लागली. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली व २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर नंतर व्यापारी संकुल उभे राहिले. तीन-चार पिढ्यांपूर्वी गाव सोडलेल्या कामगारांना परत जाण्यासाठी गावी जमीन उरली नव्हती. बहुतेकांना शहरातच हमाली, रिक्षा, बांधकाम, फेरीचा व्यापार अशा असंघटित कामांकडे वळावे लागले.

दुष्काळ व साथी : १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांत मध्य प्रांतातील हजारो कुटुंबे दुष्काळी कामांवर व शहरांकडे गेली. अशा स्थलांतरात घरातील भांडी, गुरे व शेवटी जमीन विकली जात असल्याने पाऊस झाल्यावरही सर्वांना परतणे शक्य होत नसे. प्लेगच्या काळात प्रवाहाची दिशा उलटली. १९११ च्या जनगणनेच्या वेळी प्लेगच्या भयाने अनेक कुटुंबे शहराबाहेर गेली होती; त्यामुळे नागपूरची लोकसंख्या घटून सु. एक लाखावर आलेली दिसते. १९२१ मध्ये ती पुन्हा सु. १ लाख ४५ हजार झाली.

फाळणी व निर्वासित : १९४७ च्या फाळणीनंतर सिंध व पंजाबमधील निर्वासित नागपुरात आले. उत्तर नागपुरातील जरीपटका ही त्यांची मोठी वसाहत होय. पंजाब व बंगालचा काही भाग भारतात राहिला. सिंध मात्र संपूर्णपणे पाकिस्तानात गेल्याने सिंधी भाषकांना स्वतःचा प्रदेश उरला नाही. किरकोळ विक्रीपासून आरंभ करून या समाजाने शहराच्या कापड, किराणा व इतर व्यापारांत स्थान मिळविले. पूर्व बंगालमधील निर्वासितांना पुढे दंडकारण्यालगतच्या चंद्रपूर (आता गडचिरोली) जिल्ह्यात जमिनी देऊन वसविण्यात आले. तिबेटी निर्वासितांची नोर्गेलिंग ही वसाहत १९७२ मध्ये गोठणगाव (आता गोंदिया जिल्हा) येथे स्थापन झाली. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे प्रत्येक गटाचे पुनर्वसन शासनाने घेतलेल्या स्वतंत्र निर्णयांनुसार होत आले.

राज्यपुनर्रचना : १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाले आणि नागपूरचे राजधानीपद गेले. मध्य प्रदेशाची सचिवालयीन कार्यालये भोपाळला व उच्च न्यायालय जबलपूरला गेले. पुष्कळ सरकारी नोकरांना भोपाळ वा मुंबई यांपैकी एका ठिकाणी जावे लागले आणि त्यांच्या कुटुंबांबरोबर शहरातील शिक्षित मध्यमवर्गाचा एक भाग बाहेर गेला. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भास दिलेल्या आश्वासनांनुसार १९६० पासून विधिमंडळाचे अधिवेशन येथे भरू लागले व उच्च न्यायालयाचे खंडपीठही राहिले. सीमा माणसांवरून सरकल्यामुळे घडणाऱ्या स्थलांतराचे हे उदाहरण आहे. सौंसर, पांढुर्णा, बालाघाट इ. भागांतील मराठी भाषक जागचे न हलता दुसऱ्या राज्यात राहिले.

विकास प्रकल्प व विस्थापन : कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रे, उमरेड व सावनेर भागांतील कोळसा खाणी, हिंगणा व बुटीबोरी येथील औद्योगिक क्षेत्रे यांनी राज्यातून व बाहेरून कामगार आणले. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी एप्रिल १९८८ मध्ये झाली. त्याच्या जलाशयामुळे भंडारा जिल्ह्याबरोबर नागपूर जिल्ह्याच्या कुही व भिवापूर तालुक्यांतील गावेही विस्थापित झाली. विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पासाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या जमिनी गेल्या. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी १९७६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. नंतर १९८६ व १९९९ मध्ये त्याची जागा नव्या कायद्यांनी घेतली. घर व जमीन यांची मोजदाद करून मोबदला देता येतो. मासेमारी, चराई, शेजार आणि कुळाने केलेली शेती यांची भरपाई ठरविणे कठीण जाते. भूमिहीन मजूर या मोजदादीत बहुधा मागे राहतो.

हंगामी स्थलांतर व बहिर्गमन : पूर्व विदर्भ व छत्तीसगढ येथील एकपिकी भातशेतीत कापणीनंतर कामाचा खंड पडतो. या काळात अनेक कुटुंबे नागपूर परिसरातील वीटभट्ट्या व बांधकामांवर येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी सबंध कुटुंब राबते. मुलांची शाळा अर्ध्यातच सुटते. अशा मजुरांच्या संरक्षणासाठी संसदेने १९७९ मध्ये आंतरराज्यीय स्थलांतरित कामगार कायदा केला व २०२० मध्ये त्यातील तरतुदींचा समावेश कामगारविषयक नव्या संहितेत केला. मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा हैदराबाद, पुणे व मुंबईकडून निघालेले मजूर पायी व ट्रकमधून नागपूरमार्गे मध्य प्रदेश, छत्तीसगढ, उत्तर प्रदेश आणि बिहारकडे गेले. उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम महामार्गांच्या संगमामुळे नागपूरला लाभलेले महत्त्व या परतीच्या प्रवाहातही प्रत्ययास आले. पुढे शिधापत्रिका देशात कोठेही वापरता येण्याची व्यवस्था करण्यात आली.

दुसरीकडे, शिक्षणासाठी विदर्भ व मध्य प्रदेशातून विद्यार्थी नागपूरला येतात आणि शिक्षण संपल्यावर त्यांतील बरेच पुणे, हैदराबाद, बंगळुरू किंवा परदेशाकडे जातात. नागपूर हे अशा रीतीने टप्प्याटप्प्याच्या स्थलांतरातील मधले ठाणे बनले आहे.

सामाजिक परिणाम : शहराची भाषा, खाद्यपदार्थ व वस्त्यांची रचना यांवर स्थलांतराचा ठसा आहे. बाजारात मराठीइतकीच हिंदी चालते आणि नागपुरी बोलीत हिंदीचे अनेक शब्द व लकबी रुळल्या आहेत. प्रसिद्ध सावजी जेवण हे हलबा-कोष्टी विणकरांच्या घरचे आहे. मात्र स्थलांतरिताला मिळणारे हक्क पुष्कळदा त्याने कोठून व केव्हा प्रस्थान ठेवले यावर ठरतात. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने नागरिकास देशात कोठेही फिरण्याचे व राहण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. परंतु महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० या दिनांकांपूर्वीचे पूर्वजांचे वास्तव्य पाहिले जाते. झोपडपट्टीवासीयांच्या संरक्षणासाठी राज्य शासनाने १ जानेवारी १९९५ व नंतर १ जानेवारी २००० अशा मर्यादा ठरविल्या.

विदर्भात पूर्वी गोंड, हलबा इ. जमातींना मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी व यवतमाळ एवढ्याच तालुक्यांत अनुसूचित जमातीचा दर्जा होता. ज्या शहराची स्थापना गोंड राजाने केली, तेथे राहणाऱ्या गोंडाला तो मिळत नसे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन उठविले. त्यानंतर पूर्वीच विणकाम स्वीकारून शहरात स्थिरावलेल्या हलबा-कोष्टींचा प्रश्न पुढे आला. आपण बस्तरकडील हलबा जमातीचेच असून धंद्यामुळे कोष्टी म्हणवले गेलो, असे त्यांचे म्हणणे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये मिलिंद खटल्यात निर्णय दिला, की राष्ट्रपतींच्या आदेशातील यादी न्यायालयास वाढविता येत नाही व हलबा-कोष्टी हे त्या यादीतील हलबा ठरत नाहीत. पूर्वी अंतिम झालेले प्रवेश व नेमणुका मात्र कायम ठेवल्या. स्थलांतर आणि व्यवसायबदल यांनंतर समाजाची मूळ ओळख किती टिकते, हा अभ्यासाचा प्रश्न अशा रीतीने प्रत्यक्ष जीवनाचा बनला.

नागपूरच्या इतिहासात आजचा मूळ रहिवासी हा बहुधा कालचा आगंतुक असतो. भोसल्यांबरोबर आलेली घराणी, गिरणीसाठी आलेले कामगार व फाळणीनंतर आलेले सिंधी हे आज सारखेच नागपूरकर म्हणवतात. ही ओळख मिळण्यास त्यांना लागलेला काळ मात्र सारखा नव्हता. जमीन, भांडवल वा शिक्षण घेऊन आलेल्यांना ती लवकर लाभली. केवळ श्रम घेऊन आलेल्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या कमवावी लागली. २०२१ ची जनगणना वेळेवर होऊ शकली नाही; त्यामुळे टाळेबंदीत गावी परतलेल्यांपैकी किती जण शहरांत पुन्हा आले, याचे चित्र पुढील जनगणनेतून काही अंशी स्पष्ट होईल.